बाटलीतली काजळी

नाही, पण मी म्हणतो, काळं दिसलं की काजळीच असते का हो? तुम्हाला सांगतो, पीएचडीसाठी टंगस्टनचं कार्बाइड बनवतोय मी... लोखंड कापायच्या हत्यारांना टोकाला बसवतात ना, तेच. पण आमचं नॅनो, म्हणजे डोळ्यांना कणच दिसायचा नाही इतकं बारीक! भट्टीत नळी, नळीत टंगस्टनच्या क्षाराची वाफ, त्यात मिथेन सोडायचा, दोघांची हवेतल्या हवेत गाठ पडते आणि नळीत काळी भुकटी साठते... साठायला हवी! उघडून बघावं तर चिमूटभर! उरलेला वायू बुडबुडत जातो पाण्याच्या बाटलीतून, आणि ते पाणी रोज काळंकुट्ट! आमचे सर नाकाला रुमाल लावून, "शी! मिथेनची काजळी ती. धुऊन टाका!"

टाकली.

शिष्यवृत्ती संपत आली, क्षाराचा डबा तळाला गेला, घरी बायको विचारते, "झालं का हो तुमचं पीठ?" भट्टी तापवली, निववली, वायू हळू सोडला, जोरात सोडला... नळीत चिमूट, बाटलीत काजळी! आणि सर? "धुऊन टाका!"

टाकली!

काल नळालाच पाणी नाही. बाटली राहिली तशीच. आज बघतो तर तळाशी गाळ! सहज, अगदी सहज हो, वाळवून, पदार्थ कोणता ते ओळखतात त्या क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवला... आणि पडद्यावर काय? कार्बाइड! अस्सल, नॅनो! कण इतके हलके की नळीत थांबतायत कशाला, वायूबरोबर थेट पाण्यात! म्हणजे माझी पदवी मी रोज... माझ्याच हातांनी... ब्रश मारून! अहो, धावतच सुटलो!

सरांना सांगितलं. सर उठले, बसले, पुन्हा उठले. म्हटलं, "सर, क्षार संपला, गाळ पुरत नाही, आता?" तर म्हणतात, "बेसिनच्या पाइपात अडकलं असेल बघा थोडं." घ्या! लोक प्रबंध लिहितात, आणि मी बेसिनखाली उताणा, तोंडावर काळं पाणी!

तसाच घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं, वाटलं, बिचारी धीर देईल. ती कमरेवर हात ठेवून, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही तिथे रोज बाटल्या घासत होता? आणि इथे चहाचा कप विसळायचा म्हटलं की हात दुखतो!" आणि ओट्याकडे बोट, "ती भांडी धुऊन टाका!"

काय करणार... टाकली. फक्त आता प्रत्येक भांड्याचा तळ आधी बघतो.