बुजवलेली भोकं

आई : अहो, बॅटरी कुठे धरू ते एकदा नक्की सांगा. हात भरून आला माझा.

बाबा : मागच्या चाकापाशी. हां, तिथेच. हलू नकोस.

आई : मघापासून गाडीखाली पडून नुसते ठोके घालताय. रंग कधी लावणार? पोरगी येईल आता पिकअपची चावी न्यायला.

बाबा : हे ऐक. आणि आता हे.

आई : पहिलं टणकन वाजलं. दुसरं... ओल्या लाकडावर मारल्यासारखं.

बाबा : मोठा स्क्रूड्रायव्हर दे.

आई : घ्या. अहो! आत गेला की तो! पार मुठीपर्यंत!

बाबा : गेला.

आई : पण चासी तर कशी काळीभोर, तुकतुकीत दिसतेय. दर रविवारी खाली लोळून घासता, पुसता, दर वर्षी रंग देता. माझा जुना टूथब्रशसुद्धा सोडला नाहीत.

बाबा : बाहेरून काही झालेलं नाही. आतून खाल्लीय गंजाने.

आई : आतून कशी खाईल? चासीला होती नव्हती ती सगळी भोकं आपण लांबीची पुट्टी भरून बुजवली होती ना? मासळीच्या बर्फाचं खारं पाणी आत शिरायला नको म्हणून. मीच तर मळून दिली होती लांबी.

बाबा : पाणी काय गं, कुठूनही शिरतं. सांध्यातून, बोल्टांतून. ती भोकं पाणी बाहेर पडायला होती.

आई : म्हणजे?

बाबा : म्हणजे खारं पाणी आत गेलं आणि आपण वर बूच मारून ठेवलं. ते आत बसून लोखंड खातंय, आणि मी आपला बाहेरून रंग देतोय.

आई : कुणी सांगितलं होतं बुजवायला?

बाबा : कुणी नाही. माझंच डोकं.

आई : आणि माझ्या हातची लांबी. जाऊ दे. बाहेर या आधी, पाठ धरेल.

बाबा : येतो. उठवतच नाहीये.

आई : वेल्डर पत्रा मारून नाही का देणार?

बाबा : कशावर मारेल? पत्रा धरायला चांगलं लोखंड तर हवं. बाकी... वरून दोन हात काळा दिला, तर कुणाला कळायचं नाही. वर्षभर निघेलही.

आई : तुम्ही चालवाल?

बाबा : मी चालवली असती.

आई : मी पोरीचं विचारतेय.

बाबा : ती कुंड्या भरून टेकडीच्या रस्त्याने जाणार. चढावर चासी दुमडली तर...

आई : मग रंगाचा डबा झाका.

बाबा : तुला सोपं आहे बोलायला. गाडी देतो या माझ्या शब्दावर नोकरी सोडलीय तिने. उद्यापासून रोपवाटिकेची रोपं पोचवायचं काम धरलंय. काय सांगू तिला? बाप दर रविवारी खाली पडून गाडी कुजवत होता?

आई : तेच सांगा. अहो, या गाडीला सवत म्हणून किती बोलले मी! आज तिच्यासाठी मलाच रडू येतंय बघा. दमले मी. तुम्हीही दमलात.

(फाटक वाजते. मुलगी आत येते.)

मुलगी : बाबा, नवी सीटकव्हरं आणलीत! रंग वाळला का?

बाबा : लावलाच नाही.

मुलगी : अजून? सकाळी रोपं भरायचीत मला. द्या तो ब्रश इकडे, मी लावते.

आई : बबडे, ऐक जरा.

मुलगी : काय झालं? तोंडं का अशी दोघांची?

बाबा : ही गाडी नाही देत मी तुला.

मुलगी : बाबा, राजीनामा दिलाय मी.

बाबा : माहीत आहे. ये, इथे माझ्याशेजारी आडवी हो. कपडे मळतील, मळू देत.

मुलगी : लहानपणी तर जवळ फिरकू द्यायचा नाहीत. ‘रंग ओला आहे, लांब हो.’

बाबा : हो. आता हा स्क्रूड्रायव्हर धर. तिथे टेकव. दाब.

मुलगी : ई... मऊ लागतंय हे. बाबा, हे लोखंड आहे?

बाबा : होतं. आता इकडे बघ. हा गोल डाग लांबीचा. मी भरलीय. उचकट तो.

आई : आपण भरलीय.

मुलगी : निघत नाहीये. घट्ट बसलीय अगदी... निघाली. बाबा, पाणी! लाल पाणी येतंय!

बाबा : डोळे सांभाळ. सरक इकडे.

मुलगी : केवढं आहे हे! आणि... उद्याचं काय करू मी?

बाबा : भाड्याची गाडी आणू. चालवशील तूच. पण खाली वाकून आधी मी बघणार, मग तुला बसू देणार.

आई : आणि बॅटरी मी धरणार. अजून कोण आहे?

मुलगी : बाबा, थांबतच नाहीये हे. बोट लावून धरू का?

बाबा : नको गं. जाऊ दे ते आता.