गुळगुळीत अंगठा आणि सहा कप कॉफी

अहो, अंगठा माझा! जन्मापासून माझ्याच हाताला आहे, कुणाकडून उसना आणलेला नाही… आणि ऑफिसच्या दारावरचं ते हजेरीचं मशीन मला सांगतं, 'ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' तेही कसं, तर विमानातल्या बाईसारख्या गोड आवाजात! मला वाटलं, अंगठा ओला असेल. रुमालाला पुसला. मग वाटलं, रुमालच ओला असेल. फुंकर मारली, परत लावला. 'ओळख पटली नाही.' मागे सात जणांची रांग, आणि मी चक्क मशीनलाच 'सॉरी' म्हणाले! कारण तुम्हाला सांगते, मी मुळातच घाबरट. स्वतःचा फोन वाजला तरी दचकते, आणि त्याची धून मीच निवडलेली आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? त्यात असं, की मी चाचणीवर होते. सहा महिने बघणार, मग नोकरी पक्की. त्या सहा महिन्यांत हजेरीत तीन लाल शेरे पडले, की पुन्हा तोंड दाखवायचं कारण नाही. सकाळी दहाच्या आत मशीनने ओळखलं नाही, की लाल शेरा. तुम्ही दारात उभे असा, वॉचमनकाका तुम्हाला 'झाला का नाश्ता?' विचारत असोत, शेरा तो शेरा! काका म्हणतात कसे, "मी ओळखतो हो ताई तुम्हाला, पण माझ्या ओळखण्याला विचारतो कोण?"

आणि हे सगळं कुणामुळे, तर कॉफीमुळे. थांबा, सांगते.

औषधाच्या खोक्यात घडी घातलेलं एक चिठोरं असतं ना, जे तुम्ही न वाचता फेकून देता? ते मी वाचते. नोकरीच आहे ती माझी. छापायला जायच्या आधी मुंगीएवढी अक्षरं तपासायची. 'संभाव्य दुष्परिणाम : पुरळ, खाज, धडधड, हजारात एकाला बेशुद्धी.' दिवसाला अशी चाळीस चिठोरी! आता तुम्हीच सांगा, दिवसभर हे वाचल्यावर तो हजारातला एक कोण, हे मला वेगळं सांगावं लागेल? आणि दुपारी असली झोप यायची, असली झोप, की एकदा 'जेवणानंतर' ऐवजी 'जेवणाऐवजी घ्यावी' असं राहून गेलं होतं. आमच्या मुख्य तपासनिसांनी वेळेवर पकडलं म्हणून बरं. त्यांना आम्ही भिंगवाले म्हणतो, कारण ते जेवणाचा डबासुद्धा भिंगातून बघतात. तर ते म्हणाले, "बाई, कॉफी पीत जा. मशीन फुकट आहे."

फुकट! मी काय, घाबरत घाबरत एक प्याले. मग दोन. महिनाभरात सहा. तीन चमचे साखर, वरपर्यंत दूध. आणि एक दिवस हनुवटीवर एक पुटकुळी. दुसऱ्या दिवशी तिची बहीण. आठवड्यात चार जणींचं कुटुंब नांदायला लागलं आणि नाकाच्या शेंड्यावर एक मोठी, तिला आई 'कुटुंबप्रमुख' म्हणायची.

आई म्हणाली, "कॉफीच ती! कातडं वाळवते आतून. बंद कर आधी."

वहिनी म्हणाली, "छे छे, कॉफीसारखं दुसरं काही नाही चेहऱ्याला!" वहिनीचं घरातच ब्यूटी पार्लर, पुढची खोली तिची. "पण प्यायची नाही गं, लावायची. तुमच्या मशीनमधला चोथा फेकता ना? डब्यात भरून आण. रोज सकाळी दहा मिनिटं चोळ. चेहरा बघ कसा उजळतो!"

म्हणजे बघा हं… तीच कॉफी. आतून गेली की विष, बाहेरून लावली की अमृत! मध्ये फक्त गालाची जाडी! मी विचार केला, नोकरीसाठी पिणं तर भाग आहे, मग आतून जेवढं बिघडतंय तेवढं बाहेरून सुधारून घेऊ. हिशेब कसा चोख! सहा कप आत, अर्धा डबा बाहेर. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून मी ती करकरीत पूड दोन्ही अंगठ्यांनी अशी काही घासायची, जशी कढई करपलीय! आई मोरीच्या दारातून ओरडायची, "अगं, चेहरा ठेव थोडा, दुपारी लागेल!"

चेहरा राहिला. अंगठा गेला.

दोन दिवस लागोपाठ, 'ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' दोन लाल शेरे! मी रडकुंडीला. भिंगवाल्यांनी माझा अंगठा दिव्याखाली धरला, भिंग लावलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "छपाई उडालीय."

"म्हणजे हो?"

"फिकट आलाय. असा छापायला नाही पाठवता येणार."

धावत गेले त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी विचारलं, "कॉफी किती?" मी विचारलं, "प्यायची की लावायची?" बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. मग मी सगळं सांगितलं. चोथ्याचा डबासुद्धा दाखवला, पर्समध्येच होता. तो त्यांनी दोन बोटांनी धरून कचऱ्यात टाकला. म्हणाल्या, "कॉफी बिचारी काय करणार तुम्हाला? एखादा कप प्या की खुशाल. तुम्ही अठरा चमचे साखर पिताय, झोपेचा पत्ता नाही, आणि वर कातडं घासताय! भिंत आहे का ती? अंगठ्याच्या रेषा झिजल्यात. थांबवा हे सगळं, येतील परत."

"दुष्परिणाम?" मी विचारलं. सवय हो!

"कशाचे?"

"थांबवण्याचे."

बाईंनी मला दाराकडे बोट दाखवलं.

आता रेषा येईपर्यंत नोकरी कुठे थांबणार? हजेरीवाल्या बाई म्हणाल्या, "अंगठा रद्द करते, चेहरा नोंदवू. एका माणसाची एकच ओळख ठेवतं मशीन." मी म्हटलं, "चार दिवसांनी नोंदवूया का? जरा सूज उतरू दे." तर म्हणाल्या, "अहो, लग्नाचा फोटो आहे का हा? बघा सरळ!" आणि काढला. हनुवटीवर चौघी, नाकावर कुटुंबप्रमुख, गालाची सालं निघालेली, डोळ्यांत पाणी. अशी मी कायमची मशीनच्या पोटात जाऊन बसले. पण ओळखायला लागलं हो! रोज सकाळी 'आपले स्वागत आहे!' कुणाला इतकं कौतुक नव्हतं त्या चेहऱ्याचं.

मग मी शहाण्यासारखी वागले. तीच तर चूक झाली! एक कप कॉफी, बिनसाखरेची. चोथा बंद. साधा साबण, साधं पाणी, आठ तास झोप. महिना-दीड महिन्यात चेहरा असा काही निघाला, की आई म्हणाली, "अगंबाई, तुकतुकीत दिसतेस!" वहिनीने तर पार्लरच्या दारात माझा फोटो लावला, खाली लिहिलं, 'आमच्या चोथ्याचा परिणाम'! मशीन तेवढं रोज जरा जास्त वेळ निरखून मगच दार उघडायला लागलं होतं. आणि चाचणीचा शेवटचा दिवस उजाडला. आज एकदा आत गेले, की संध्याकाळी पक्कं पत्र हातात. पावणेदहाला मी मशीनसमोर हसतमुखाने उभी…

'ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

मी पुन्हा केला. हसले. नाही हसले. उजेडात आले. केस मागे घेतले. 'ओळख पटली नाही.' अहो, पटणार कशी? ते शोधतंय त्या पुटकुळ्यावालीला! आणि मी तर गोरीमोरी… भीतीने हो, दुसऱ्या कशाने नाही! काका म्हणाले, "ताई, चांगल्या दिसताय तुम्ही, तिथेच घोटाळा झाला." कुणाच्या मागोमाग आत शिरावं, तर एका वेळी एकच माणूस, नाहीतर भोंगा वाजतो. मी एकदा ऐकलाय तो. पुन्हा नको.

नऊ त्रेपन्न. मी काय केलं असेल? पर्समधलं तपासणीचं लाल पेन काढलं. दाराच्या काचेत बघून हनुवटीवर चार ठिपके काढले. आणि काका! इतका जीव लावून मदत केली त्या माणसाने! "ताई, तिसरी जरा डावीकडे होती… नाही, एवढी नाही… हां, आणि नाकावरची मोठी करा, तिला मान होता." केली मोठी. मागून भिंगवाले आले, स्वतःचा अंगठा लावला, 'आपले स्वागत आहे!' आणि आत जाता जाता माझ्याकडे बघून म्हणतात कसे, "दुरुस्त्या फार आहेत आज."

'ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

नऊ पंचावन्न. मशीनवर मदतीचा नंबर होता, तो लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' मग बासरी. तक्रारीसाठी एक दाबा. दाबला, त्या गुळगुळीत अंगठ्याने. बासरी. इतर सर्व गोष्टींसाठी नऊ दाबा. अहो, माझं सगळंच इतर सर्व गोष्टींत येतं! दाबला. बासरी. नऊ सत्तावन्न. काका घड्याळाकडे बघत नव्हते, म्हणजे किती वाईट परिस्थिती असेल बघा. माझ्या डोळ्यांसमोर सहा महिने, चाळीस चाळीस चिठोरी, संध्याकाळी आईला दाखवायचं पत्र… नाकावरचा ठिपका ओघळून ओठापर्यंत आला होता. नऊ एकोणसाठ. आणि बासरी बंद! तुम्हाला सांगते, एक जिवंत माणूस बोलला!

"नमस्कार मॅडम, बोला."

मी एका श्वासात सगळं सांगितलं. कॉफी, चोथा, अंगठा, चेहरा, लाल पेन, एक मिनिट उरलंय, दार उघडा! त्याने माझा कर्मचारी क्रमांक विचारला. टकटक टकटक केलं. मग इतक्या शांतपणे म्हणाला, "मॅडम, काही अडचण दिसत नाही. तुम्ही आतच आहात."

"मी?"

"हो. नऊ वाजून चार मिनिटांनी आत गेलात. फोटो आहे ना समोर. हनुवटीवर चार पुटकुळ्या, नाकावर एक मोठी. हातात कॉफीचा कप. ओळख अगदी शंभर टक्के पटलीय. शेराबिरा काही नाही, हजेरी पूर्ण."

कोण होती देवास ठाऊक, पण माझ्या आधी पोचली होती, वेळेवर पोचली होती, आणि मशीनला पसंत होती. मी हनुवटीवरची शाई पुसली आणि हळूच विचारलं, "बरं… आत काम नीट चाललंय ना माझं?"