जिन्यावरची तुळई

दवाखान्यात बसलेल्या शिक्षिकेने मासिक नुसतंच हातात धरलं होतं. कान मात्र शेजारच्या बाकावर होते. तिथे कपाळाला रुमाल बांधलेला कंत्राटदार आणि त्याची धाकटी बहीण बसली होती.

“दादा, बांधायच्या आधी अख्खी शाळा कॉम्प्युटरवर उभी करून दिली होती तुला. तोच माझा धंदा आहे. जिन्यावरची तुळई डोक्याला लागेल म्हणून तिथे लाल खूण होती.”

“साइटवर बघून घेऊ म्हटलं होतं ना मी?”

“मग बघितलीस?”

“बघितली कुठे? आपटलो.”

“उद्या मुलं आपटतील!”

“मुलं बुटकी असतात गं.”

“आणि शिक्षक?”

शिक्षिका खाकरली.

“अजून किती लाल खुणा आहेत?” कंत्राटदाराने बहिणीला विचारलं.

“एकवीस.”

“परवाचा स्लॅब थांबवतो. पाठव ते कॉम्प्युटरवरचं.”

“तीनदा पाठवलंय.”

“चौथ्यांदा पाठव. या वेळी उघडतो.”