गाडी हलकी झाली

...आणि वर मलाच विचारतात, 'प्लासिद, गाडयेत एकटोच कित्याक फिरतंस रे?' एकटाच! अहो, दुसऱ्याला बसवू कुठे? सीटच नाही! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं एसटी चालवली मी, मालवण-देवगड, मालवण-कणकवली, पाठीमागे साठ माणसं, कोंबड्या, फणस, एकदा तर अख्खी नवरी मुंडावळ्यांसकट... आणि आता माझ्या स्वतःच्या गाडीत सीट किती? एक. माझी. बाकीच्या काढल्या. का? तर वजन कमी व्हायला पाहिजे!

गाडीचं हो, माझं नाही. आमचा मुलगा डायलन, गोव्यात नोकरीला. येतो वर्षातून दोनदा, नाताळला आणि गावच्या फेस्ताला, तेही एक पाय दारातच. त्याची आई गेल्यापासून तर... जाऊ दे. तर हा मे महिन्यात अचानक उगवला. 'पप्पा, नांदगावच्या माळार गाड्यांची रेस आसा. आपली गाडी घालूया. पण ती जड आसा, आतला सगळा काढूक व्हया. आठ दिवस लागतले.' आठ दिवस! मी म्हटलं, काढ! काय हवं ते काढ! चहा ठेवू?

झालं. स्टेपनी गेली, जॅक गेला, खालचे गालिचे, छताचं कापड... मागची सीट तर शेजारच्या बाबलीने आपल्या पडवीत नेऊन टाकली. मी पाना द्यायचा, डायलनने फिरवायचा, आणि फिरवता फिरवता बोलायचा हो! ऑफिसचं, भाड्याच्या खोलीचं, कुणी क्लॉडिया आहे म्हणे, तिचं... तीन वर्षांत एवढा बोलला नव्हता. बारा नंबरचा पाना मी मुद्दाम तांदळाच्या डब्यात लपवला. शोधण्यात दोघांची अख्खी दुपार गेली. काय सुंदर दुपार!

शेवटी राहिली पुढची डावी सीट. ती आपोलिनाची, म्हणजे माझ्या बायकोची. उचलली तर खाली तिची केसातली पिन. डायलन हळूच म्हणाला, 'पप्पा, ही ऱ्हवांदे?' पण मी म्हटलं, काढ! का? तर वजन कमी व्हायला पाहिजे! आणि ती ठेवली असती तर काम एक दिवस आधी संपलं असतं ना!

शर्यतीला तो गाडीने गेला आणि मी? मी एसटीने! गाडीत बसणार कुठे? माळावर पोचतो तो एक शिट्टीवाला साहेब, एकदम शुद्ध मराठीत, 'काका, हा रोजच्या वापरातल्या गाड्यांचा गट आहे. सगळ्या सीट जागेवर असल्याच पाहिजेत. कागदावर दिलंय तसं.' डायलनने रेसच्या नियमांचा कागद उलटला. मागच्या बाजूला होतं लिहिलेलं. गाडी बाद! एक फूटसुद्धा धावली नाही हो. मला वाटलं चिडेल. कसलं काय! 'चूक माझी, पप्पा. मीच वाचूक व्हया होता,' म्हणाला, मला मिठी मारली, गाडीची किल्ली हातात दिली आणि तिथूनच गोव्याची वाट धरली.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका... तो कागद मी डायलन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी वाचला होता. पुढून, मागून. एकतीस वर्षं डेपोची परिपत्रकं वाचलेला माणूस मी, मागची बाजू सोडतोय? वाचला, आणि होता तिथे ठेवला. सांगितलं असतं तर पोरगं त्याच संध्याकाळी गेलं असतं! तुम्ही सांगितलं असतं? खरं सांगा!

आता भोगतोय. रस्त्यात आनंदीबाई हात करते, बाजाराला जायला. जुन्या सवयीने ब्रेक लागतो. ती आत डोकावते, 'आणि बसू खंय रे मेल्या, तुझ्या डोक्यार?' आणि चालायला लागते. मागची सीट परत मागायला बाबलीकडे गेलो, तर सीटवर तिघं चहा पीत बसलेले. 'व्हर रे, तुझीच आसा,' बाबली म्हणाला, आणि तिघंही कप घेऊन उभे राहिले. नाही आणवली हो. म्हटलं, बसा. आपोलिनाची सीट आहे घरात, पण ती बसवायला दोन माणसं लागतात, एकाने धरायची, एकाने बोल्ट आवळायचे. दुसरा माणूस कुठून आणू? बाबली येतो म्हणतो. पण तिच्या सीटला बाबलीचा हात नको वाटतो मला. तर अशी आमची गाडी हलकी! मी आणि स्टिअरिंग. का? तर वजन कमी व्हायला पाहिजे!

काल डायलनचा फोन. 'पप्पा, नाताळाक दुसरी रेस आसा. हेच्यात सीट नसल्यो तरी चलतत, मी सगळा वाचलंय. पण वजन अजून कमी व्हया. काढूक काय ऱ्हवला आसा काय?'

फोन कानाला लावून मी गाडीभोवती एक फेरी मारली. म्हटलं, 'ये रे झिला. दरवाजे आसत चार. दिसाक एकच काढूया.'