बाहेर गेलेली ओळ

संगणकाची पायथन भाषा अवघड आहे म्हणता, म्हणून सांगतो. मी स्वतः ती शिकत होतो, तेव्हा मुळशीत एका शेतकऱ्याकडे खोली घेऊन राहायचो. ही भाषा सगळ्या टीमला शिकवतो, असं साहेबांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो. सोमवारी पहिला प्रोग्रॅम दाखवायचा होता आणि रविवारी सकाळपासून त्याचं उत्तर चुकीचं येत होतं.

घरमालकीण सुमनमावशी चहा घेऊन आल्या आणि कप हातात धरूनच लॅपटॉपकडे बघत राहिल्या.

"ही ओळ भायेर का गेलीया?"

"मावशी, ते इंग्रजी आहे."

"मला कुटं वाचायचंय? वरच्या दोन आत हायेत, ही बोटभर भायेर. आमी दोरी धरून भात लावतो. कुणी असं लावलं तर उपटून परत लावाया सांगते मी."

पायथनमध्ये एकत्र चालणाऱ्या ओळी एकाच रेषेत सुरू व्हाव्या लागतात, हे मी पुस्तकात दोनदा वाचलं होतं. ओळ आत सरकवली. उत्तर बरोबर आलं.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "शिकायला किती वेळ लागतो?"

म्हटलं, "मला तीन आठवडे लागले. आमच्या मालकीणबाईंना चहाचा कप खाली ठेवेपर्यंत."