पहिला घोट

सुजलेलं बोट घेऊन डॉक्टरांकडे बसलेल्या शिंप्याने शेजारच्या नवरा-बायकोकडे नकळत कान लावला.

"काय सांगणार डॉक्टरांना? नाचून मनगट दुखतंय?"

"खरं तेच सांगणार."

"अगं, नाचून पाय दुखतात!"

"कॉम्प्युटरच्या खेळातले पाय माऊसनेच हलतात. पंख्याचा जपानी नाच आहे, खेळात नाच शिकवणाऱ्या बाईंनी शंभर वेळा घोटून घेतला."

"नातवंडं झाली, आणि आता पाहुण्यांपुढे नाचणारी जपानी गेशा व्हायचंय! त्या खोट्या चहाघरात कोण कुठल्या परक्यांना खोटा चहा ओततेस!"

"नुसता ओतायचा नसतो. दोन्ही हातांनी द्यायचा, आणि पाहुण्याने पहिला घोट घेईपर्यंत समोरून उठायचं नाही."

"मला दिलास कधी असा?"

"महिना झाला, रोज तसाच देतेय."