पोटाकडचा पट्टा

माहं माहेर मारेगावच्या बाजूचं. घरी चामड्याचंच काम, माहा बाप चपला करे, बैलाइच्या गळ्यातले पट्टे करे, आन् काय सांगू तुम्हाले ताई, मले रापीले हात लावू देत नसे. रापी म्हंजे आमची चामडं कापाची चपटी सुरी. पोरीनं रापी धरली का सासरी टिकत नाही म्हने. मंग तो जेवाले बसला का मी उरल्यासुरल्या तुकड्यावर चार टाके घालू, आन् त्याचा हात धुवून व्हाच्या आत उसवून ठेवू. अशी उसवून उसवून शिकली मी.

लग्न होऊन राळेगावले आली. नवरा कापसाच्या जिनिंगवर हमाल, त्याले कशाची लाज नव्हती, त्यानंच मले भोकं पाडाची आरी आनून देल्ली, रापी आनून देल्ली. तो वारल्यावर मी यष्टी स्टँडबाहेर जोडे शिवाले बसली, हात थरथरू लागले तवा उठली. लोकं जोडा हातात देत नसत, पायानंच पुढे सारत. मी तो उचलून पाहो, त्याच्यातला घाम, चिखल, सगळं नाकात जाये. त्याची मले कधी किळस नाही आली. किळस आली ती आत्ता, म्हातारपनी, आन् ती कायची ते सांगून राह्यली.

आमच्या इथल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी पाच-सहा जन चामड्याचं काम कराले बसतात. पोटासाठी नाही, हौस म्हनून. ऑफिसातून रिटायर झालेले भाऊसाहेब हायेत, एक बँकेतली मॅडम हाय, दोन-तीन कॉलेजच्या पोरी. मोबाइलवर पाहून पाकिटं करतात, किल्ल्या अडकवाचे पट्टे करतात. भाऊसाहेबच मले बोलवाले आले, आजी तुमचा हात बसलेला हाय, येऊन बसत जा म्हने. मले खुर्ची देल्ली, चहा देल्ला. ज्या मानसाचा जोडा मी शिवलाय तो मले खुर्ची देते म्हटल्यावर मी फुगली, खोटं कायले बोलू.

पन पहिल्याच दिवशी त्याइचं काम पाह्यलं ना ताई. रापी अशी बोथट का काकडी कापाले नाही चालनार, मंग दाबून दाबून कापाचं आन् बोट कापून घ्याचं. अरे बाबाहो, रोज काम सुरू कराच्या आधी चामड्याच्याच एका तुकड्यावर पातं घासा, उलटं-सुलटं, धार लागते. नुसतं चिकटवून पाकीट करतात, टाका नाही का टोचा नाही, उन्हाळ्यात डिंक सुटला का पाकीट उघडं. चिकटवाच्या आधी दोन्ही बाजू खरबरीत करा, आन् चिकटवल्यावर शिवा, एका दोऱ्याच्या दोन टोकाले दोन सुया, एक इकडून एक तिकडून, म्हंजे एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राह्यतात. भोकं सारखी पाह्यजे असन तं जेवाचा काटा घ्या घरातला, तो दाबत दाबत न्या, खुना पडतात. आन् आधी कागद कापा. मी जुन्या लग्नपत्रिका ठेवते, जाड कागद असते, त्याचं पाकीट करून पाहा, मंगच कातड्यावर या. कागद वाया गेला तं गेला, ते जनावर काही पुन्हा येत नाही. आन् ती बँकेतली मॅडम, ओलं झालेलं चामडं गच्चीवर उन्हात वाळवे, वरून गोडं तेल ओते. कडक पापड झाला त्याचा, आन् वास असा का मी पदर नाकाले लावला. सावलीत वाळवाचं, आन् तेल बोटाले लागन एवढंच.

हे सगळं मी बोलली. त्याइनं लिहून घेतलं. बोलाले पाह्यजे होतं तिथंच नाही बोलली.

आमच्या गल्लीत सुनंदा राह्यते. लहानपनी पोलिओ झालता, एका पायाले लोखंडी कॅलिपर हाय, म्हंजे पाय ताठ धराच्या सळ्या, त्याच्या गुडघ्यावर चामड्याचा पट्टा. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ती काम करे, सगळ्या घराले तिच्याच पगाराचा आधार. तिचा पट्टा झिजला तं भाऊसाहेब म्हने मी करून देतो, फुकट देतो. मन मोठं मानसाचं, नाही म्हनत नाही मी. आठ दिवस खपले, कडा घोटल्या, वर फूल काढलं, बक्कल पितळी. मंग माह्या हातात देल्ला, पाहा आजी कसा झाला.

मी हातात घेतल्याबरोबर समजली. पोटाकडचं कातडं होतं. जनावराच्या पाठीचं कातडं घट्ट असते, ओढलं तरी जाग्यावर राह्यते, पोटाकडचं लोंबते, रोज ताण बसला का वाढत जाते. पाकिटाले चालन, मानसाचं वजन पेलाले नाही चालत. हे माह्या बोटाइले समजलं. सगळे माह्या तोंडाकडे पाहत होते, भाऊसाहेब लेकरावानी हसून राह्यले होते, समोर चहाचा कप. आन् मी म्हटलं, छान झाला साहेब.

महिना झाला नाही तं पट्टा ढिला पडला. सुनंदा स्टँडच्या पायऱ्या उतरत होती, गुडघा पुढं वाकला, ती तोंडावर पडली, मनगट मोडलं. दुकानवाल्यानं दुसरी पोरगी बसवली, म्हने तू उभी राह्यली का ये, मंग पाहू.

भाऊसाहेब दवाखान्यात रडले. त्याले काय बोलू मी, त्याले ठाऊकच नव्हतं. मले होतं. थू अशा हाताले, ताई. खुर्चीसाठी, एका कप चहासाठी तोंड शिवून घेतलं मी. दोन दिवस त्या हातानं भाकर खाववत नव्हती.

मंग मीच नवा केला. पाठीचं कातडं, मनक्याच्या बाजूनं उभं कापलेलं. भाऊसाहेबाइले समोर बसवलं, भोकं त्याइनं पाडली, टाके मी घातले, आन् माहे टाके वाकडे आले तं त्याइनं उसवाले लावले, आजी हा सुटन म्हने. बरं वाटलं मले. मंग खोलीच्या खिडकीच्या गजाले पट्टा बांधला आन् भाऊसाहेबाइले म्हटलं, लटका. पायजमा सावरत लटकले ते, पोरी हसल्या, पट्टा तसूभर नाही सरकला.

सुनंदाच्या पायाले मी बांधून देल्ला. म्हटलं, आता छान झाला बाई. ती म्हने, आजी, तवाही तुम्ही छानच म्हटलं होतं.

मी म्हटलं, माह्या बोलन्यावर नको जाऊ, तूच ओढून पाहा. तिनं चांगल्या हातानं ओढलं, दोनदा, तिनदा, माह्याकडे न पाहता. मंग उठली, गल्लीतल्या नळापरेंत गेली, वापस आली. दुसऱ्या सोमवारी दुकानात गेली तं तिले अर्धा दिवस काम देल्लं, अर्धा दिवस त्या नव्या पोरीले.

तिनं मले माफ केलं का नाही, मी इचारलं नाही. रोज सकाळी माह्या दारावरून जाते. मी आधी तिचा गुडघा पाह्यते, मंग तोंड. म्हनते, जाय बाई, बिनघोर जाय. ती मान हालवते, आन् खाली वाकून पट्टा एकदा ओढून पाह्यते, मंगच पुढं जाते.